अकान लोकांची बोलण्याची रीत

मनुष्य काय बोलतो याइतकेंच, बोललेल्या शब्दाचा भार तो कितपत स्वतःवर घेतो, हेंही महत्त्वाचें असतें. पश्चिम आफ्रिकेंतील अकान लोकांनीं या गोष्टीचें एक शास्त्रच बनविलें आहे. आजच्या घाना देशाचा दक्षिण व मध्य भाग आणि लगतच्या आयव्हरी कोस्टचा पूर्व भाग ही या लोकांची भूमि. असांते, आकुआपेम व फांटी या त्यांच्या प्रमुख बोली होत.

या बोलींत साध्या संभाषणांतही बोलणाराचा भाव दाखविणारीं साधनें विपुल आहेत. कोणास विनंती करावयाची तर 'मे पा वो च्यव' असें म्हणतात. त्याचा मूळ अर्थ टोपी काढून विनविणें. अशोभनीय शब्द उच्चारणें भाग पडलें, किंवा वडीलधाऱ्यांसमोर म्हण वापरावयाची झाली, तर 'सेबे' हा क्षमायाचनेचा शब्द जोडतात. म्हण सांगतांना 'वडील म्हणतात' अशी प्रस्तावना करण्याचाही प्रघात आहे. त्यायोगें कटु सत्य सांगितलें जातें, पण तें एकट्या वक्त्याचें राहत नाहीं. ज्याला टोचावयाचें त्याचें नांव न घेतां सोडलेल्या वाग्बाणास 'अकुतिया' म्हणतात. 'लेकी बोले सुने लागे' ही आपली म्हण त्याला चपखल लागू पडते. बाझल मिशनचे जर्मन पंडित क्रिस्टालर यांनीं १८७९ सालीं या भाषेंतील ३६०० म्हणी छापून काढल्या, यावरून तिच्या म्हणींच्या संपत्तीची कल्पना येईल.

हीच रीत असांते राजदरबारांत संस्थारूप पावली. राजा परक्याशीं थेट बोलत नसे. त्याचा शब्द 'ओच्यामे' नामक अधिकारी सभेस सांगे आणि सभेचा शब्द राजास पोंचवी. बोलणें संस्कारून मांडणें हें त्याचें काम. त्यामुळें रागाच्या भरांत निघालेल्या शब्दाची धार बोथट होई आणि राजाची प्रतिष्ठाही सांभाळली जाई. त्याच्या हातांतील दंडाच्या टोंकास एखाद्या म्हणीचें सोनेरी शिल्प असे. मुठींत अंडें धरलेला हात हें त्यांपैकीं एक. सत्ता अंड्यासारखी असते. घट्ट आवळली तर फुटते, सैल धरली तर निसटते, असा त्याचा भावार्थ.

१८९६ मध्यें इंग्रजांनीं असांतेचा राजा प्रेंपे यास कैद करून देशाबाहेर नेलें. पुढें २८ मार्च १९०० रोजीं गव्हर्नर फ्रेडरिक हॉजसन यानें राजधानी कुमासी येथें सरदारांची सभा भरविली. राजा परत येणार नाहीं हें सांगून त्यानें सुवर्णासनाची मागणी केली. तें आपणांस बसावयास कां आणलें नाहीं, असा सवालही केला. तें आसन म्हणजे असांते राष्ट्राचा प्राण. त्यावर खुद्द राजाही बसत नसे. सभेनें तें भाषण निमूटपणें ऐकून घेतलें. जेथें प्रत्येक शब्दास योग्य शब्दानें उत्तर देण्याची रीत, तेथें निरुत्तर राहणें हेंच उत्तर होतें.

थोड्याच दिवसांत एजिसूची राजमाता या असांतेवा हिच्या नेतृत्वाखालीं युद्ध पेटलें आणि कुमासीच्या किल्ल्यास वेढा पडला. केवळ एका भाषणानें युद्ध झालें असें नव्हे. राजाची हद्दपारी आणि इंग्रजांनीं मागितलेली खंडणी यांचा रोष आधींच साचला होता. परंतु त्या उघड्या, उद्दाम शब्दांनीं समेटाची वाट बंद केली.

असांतेचा पराभव झाला. १ जानेवारी १९०२ पासून तें राज्य इंग्रजी अमलांत गेलें आणि या असांतेवा १९२१ सालीं सेशेल्स बेटांवर हद्दपारींतच मरण पावली. सुवर्णासन मात्र इंग्रजांच्या हातीं लागलें नाहीं. १९२४ मध्यें प्रेंपे मायदेशीं परतला. १९५७ मध्यें घाना स्वतंत्र झाला. आजही असांते राजाच्या सभेंत ओच्यामे दंड घेऊन उभा राहतो आणि राजाचा शब्द त्याच्याच मुखानें लोकांपर्यंत जातो. हॉजसनला अंड्याच्या त्या शिल्पाचा अर्थ कोणी सांगितला असता, तरी तो त्यानें ऐकला असता कीं नाहीं, हा प्रश्न मात्र इतिहासांत अनुत्तरितच राहिला आहे.