टपालानं आलेला मानसोपचार

सिग्मंड फ्रॉइड भारतात कधीच आला नाही. त्याचं शास्त्र मात्र आलं, आणि आलं ते टपालानं. कलकत्त्याचे डॉक्टर गिरींद्रशेखर बोस यांनी 1921 च्या सुमारास आपला प्रबंध त्याला व्हिएन्नाला पाठवला आणि पत्रव्यवहार सुरू झाला. 1922 मध्ये बोसांनी कलकत्त्यात मनोविश्लेषणाची संस्था काढली. दोघांची भेट कधीच झाली नाही. तरी बोस नुसते शिष्य राहिले नाहीत. माझ्या भारतीय रुग्णांची मनं तुमच्या सिद्धांतात नीट बसत नाहीत, असं त्यांनी थेट फ्रॉइडला कळवलं. फ्रॉइडच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याहून विष्णूची हस्तिदंती मूर्ती गेली. म्हणजे मतभेद होते, पण गोडीगुलाबीत.

मनोविश्लेषणाची खरी अडचण वेगळीच होती. रुग्णानं आठवड्यातून चार-पाच दिवस यायचं, तेही वर्षानुवर्षं. इतका वेळ आणि पैसा कोणाकडे असतो? खासगी प्रॅक्टिसमध्ये हा प्रश्न सिद्धांताच्या आधी येतो.

न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिसलाही तो पडला. तो स्वतः मनोविश्लेषक होता. पेशंटचं बालपण उकरत बसण्याला कंटाळून 1955 मध्ये त्यानं वेगळी वाट धरली. त्याचं म्हणणं साधं होतं: घटनेमुळे तुम्ही कोलमडत नाही, त्या घटनेबद्दल तुम्ही जे धरून बसता त्यानं कोलमडता. ते धरलेलं शोधायचं, त्याच्याशी वाद घालायचा आणि घरी जाऊन गृहपाठ करायचा. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे पटकन कळतं. इनपुट तेच असतं, गडबड मधल्या फंक्शनमध्ये असते. (माणूस कोडपेक्षा फार जास्त हट्टी असतो, हे सोडून द्या.)

ही पद्धत महाराष्ट्रात आली तीही पत्रांतून. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी 1968 मध्ये एलिसशी पत्रव्यवहार सुरू केला आणि तो कित्येक वर्षं चालला. फडक्यांनी शंका विचारल्या, सिद्धांतात दुरुस्त्या सुचवल्या, आणि एलिसनं त्यांतल्या काही स्वीकारल्या. पुढे डॉ. अंजली जोशींची ‘मी, अल्बर्ट एलिस’ ही कादंबरी आली. डॉ. आनंद नाडकर्णींनी 1990 मध्ये ठाण्यात आयपीएच ही संस्था सुरू केली, आणि त्यांच्या व्याख्यानांतून एलिस हे नाव मराठी घरांत पोचलं.

मराठीत ही पद्धत रुजली यात मला आपल्या भाषेचाही हात दिसतो. एलिस म्हणायचा, माणसाला छळतो तो त्याचा अट्टाहास. आपल्याकडे त्यासाठी एकच अक्षर पुरतं: ‘च’. ‘मला नोकरी मिळावी’ ही इच्छा झाली. ‘मिळालीच पाहिजे’ म्हटलं की रात्रीची झोप गेली. आपला ‘च’ कुठे अडकलाय ते शोधायला इंग्रजी यावंच लागतं असं नाही.

मनाला समोर बसवून बोलणंही आपल्याला नवं नाही. ‘मनाचे श्लोक’ लिहिणाऱ्या रामदासांचं जन्मगाव जांब आमच्याच घनसावंगी तालुक्यात आहे. 205 श्लोक, आणि सगळा संवाद मनाशी. फरक एवढाच की रामदास मनाला समजावतात, बजावतात. एलिस त्याच्याकडे पुरावा मागतो. जालन्यातल्या एखाद्या पंचवीस वर्षांच्या मुलाला उपदेश घरबसल्या भरपूर मिळतो. पुरावा मागणारं माणूस मिळत नाही.

कारण जालन्यात आजही बरेच जण त्यासाठी साठ किलोमीटरवरच्या संभाजीनगरकडे बघतात. जाण्यायेण्यात दिवस मोडतो, फी वेगळी. अशा वेळी दहा-बारा सत्रांत काहीतरी हाताला लागेल अशी पद्धत आणि वर्षानुवर्षं चालणारी पद्धत यांतली निवड आवडीची राहत नाही. शिवाय, पाटी वाचून फारसं कळत नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ ही पाटी मात्र कोणीही लावताना दिसतो. आमच्या ओळखीतल्या एकाला अशाच एका पाटीमागे ‘लग्न कर, सगळं ठीक होईल’ हा उपचार सांगितला गेला. फी घेऊन. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: तुमचं शिक्षण काय, नोंदणी आहे का, कोणत्या पद्धतीनं काम करता? चांगला माणूस याचा राग मानत नाही.

आता टपालाची जागा फोननं घेतलीय. ऑक्टोबर 2022 पासून ‘टेलिमानस’चा 14416 हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. माझी स्वतःची सत्रं व्हिडिओ कॉलवर झाली, घरून काम करत होतो तेव्हा, गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे बसून. खाली आजी सगळं ऐकते. तिला वाटायचं, ऑफिसची मीटिंग चाललीय. एकदा तिनं विचारलं, ‘तुझा साहेब तुला रोज काय वाटतं ते लिहून आणायला सांगतो व्हय?’ मी हो म्हणालो.