भट्टीत आग कुठे लावावी?

श्रोतेहो, आजऱ्याकडे ऊसतोड आटोपली की पाचट पेटवतात. घटकाभराचा जाळ, आणि सकाळी पाहावं तर मूठभर राख! कोरड्या पाचटात वजनाच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो. तो हवेत गेला. हा कार्बन थोड्या जळणात कसा राखावा, यासाठी माणसाने पिढ्यान् पिढ्या खटपट केली आहे.

जुनी रीत तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. लाकडे रचायची, वर पाला घालून माती लिंपायची आणि आग द्यायची. लोहाराचा भाता याच कोळशावर चाले. पण इथं मालच जळण होतो. शंभर किलो सुक्या लाकडामागे बहुधा दहा ते वीस किलोच कोळसा हाती येई. जंगलावर त्याचा केवढा भार पडला असेल, ते ओळखा.

पुढे विजेचे युग आले. 1896 साली अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन यांनी ग्राफाइट तयार करण्याच्या विद्युत्-भट्टीच्या रीतीचे पेटंट घेतले. त्यांच्या भट्टीत मालाभोवतीची रासही तापवावी लागे. त्याच सुमारास कॅस्टनर यांनी वीज थेट मालातूनच नेली. उष्णता हवी तिथेच उपजली, म्हणून वीज वाचली.

आपल्याकडे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पाचटासाठी वेगळी युक्ती वापरली. पाचट बंद पिंपात भरायचे, पिंप भट्टीत तापवायचे. आतून निघणारा वायू भट्टीतच जळतो आणि पुढची उष्णता तोच पुरवतो. कोळशाची भुकटी दाबून कांड्या करतात. या कामाला 2002 साली इंग्लंडचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले.

2020 साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात जेम्स टूर व सहकाऱ्यांनी कार्बनच्या भुकटीतून क्षणभर जोराचा विद्युत्प्रवाह सोडला. एका सेकंदाच्या आत ग्राफीन तयार! त्यांच्या हिशेबाने किलोमागे वीज लागते सुमारे दोन युनिट.

गुरुजींनो, एवढे करून दाखवा. झाकणाला बारीक भोक पाडलेल्या डब्यात पाचट भरा. उघड्यावर, मुलांना दूर उभे करून, डबा चुलीवर ठेवा. भोकातून धूर येऊ लागला की त्याला काडी लावा, धूरच पेटेल. डबा पुरता निवल्यावर उघडा. आत राख नसेल, कोळसा असेल.

मग मुलांना घेऊन शेतावर जा. पाचट कुजवले तर जमिनीला खत, भाजले तर चुलीला कोळसा. नुसते पेटवले तर काय उरते, ते त्यांनाच सांगू द्या.