हुजूर आणि हाजिरी : मिरजेच्या दर्ग्यासंबंधीं एक टिपण

मराठी दप्तर चाळणारास ‘हुजूर’ हा शब्द पदोपदीं भेटतो. हुजूर म्हणजे धनी स्वतः. त्यावरून हुजुरात, हुजूरदप्तर, हुजऱ्या. हजेरी, हाजीरजामीन हे शब्दही त्याच अरबी धातूचे. मूळ अर्थ केवळ समक्षता. शब्द उरतो आणि समक्षता जाते, याचें उदाहरण साताऱ्यासच आहे. १७४९ त शाहू छत्रपति निवर्तले. पुढल्याच वर्षीं ताराबाईंनीं रामराजास किल्ल्यावर अडकविलें. तरी पेशवाईचीं वस्त्रें साताऱ्याहूनच येत राहिलीं.

परंतु या शब्दाचा दुसराही एक संसार आहे, आणि तिकडे आम्हां कागद जमविणारांचें लक्ष क्वचित् जातें. सूफींच्या परिभाषेंत ‘हुजूर-ए-कल्ब’ म्हणजे अंतःकरणाची उपस्थिति. शरीर नमाजाच्या रांगेंत आणि मन बाजारांत, अशी हजेरी लागत नाहीं. एका प्रसिद्ध हदीसांत इस्लाम, ईमान व एहसान अशा तीन पायऱ्या आल्या आहेत. तिसरीचा आशय असा कीं, ईश्वर समोर दिसत आहे अशा भावनेनें उपासना करावी. तो न दिसला तरी तो आपणांस पाहतच आहे. एहसान हा ‘हुस्न’चा सहोदर, ‘उपकार’ हा आपल्याकडील रूढ अर्थ त्याचें एक अंग मात्र. संस्कृतज्ञास येथें साक्षी आठवेल. पण अद्वैतांतील साक्षी आत्माच होय. येथें पाहणारा धनी निराळा. शिवाय ही केवळ एकान्तांतली गोष्ट नव्हे. कुराणाच्या १०७ व्या सूरेंत दिखाऊ नमाजाची निर्भर्त्सना आहे, आणि तींतच किरकोळ वस्तूही दुसऱ्यास न देणारांची.

१९४९ त साताऱ्यापासून वेगळ्या झालेल्या आणि १९६० पासून सांगली म्हणविणाऱ्या जिल्ह्यांत मिरज येतें. तेथील ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यांत उरुसाचा पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. तेथेंच चिंचेखालीं किराणा घराण्याचे अब्दुल करीम खां गात. दर्ग्यांतील अशा गायनास गवई ‘हाजिरी’ म्हणतात. बिदागी हा तिचा हेतु नव्हे. १९३७ च्या ऑक्टोबरांत पाँडिचेरीच्या वाटेवर खांसाहेबांस अस्वस्थ वाटलें. सिंगपेरुमाळकोइल स्टेशनांत ते उतरले, नमाज पढले, दरबारी रागांत ईश्वराचें नांव घेतलें व तेथेंच देह ठेविला, असें सांगतात. दफन मिरजेस झालें. उरुसांत त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा आजही होते.

दर्ग्याच्या सनदा उतरून घेणारांनीं इनामाचा आकार अवश्य लिहावा. पण गलेफ कोणाचा, गातो कोण, कोणत्या रात्रीं, हेंही सेवेकऱ्यांच्या तोंडून टिपून ठेवावें. जमाखर्चांत तें बहुधा सांपडत नाहीं, आणि सांगणारे वृद्ध होत चालले आहेत.