तार टोचते तेव्हा : मावळच्या घरातला दातांचा इतिहास

आजचा विषय वाचून काही जण हसले असतील. इतिहासाच्या व्याख्यानमालेत दातांच्या तारेचं काय काम? पण आपण असं चित्र डोळ्यांसमोर आणू या. आषाढातली रात्र, पवन मावळातलं एखादं गाव, बाहेर धो धो पाऊस. चौदा वर्षांची मुलगी जेवता जेवता थांबते. दातावरची तार सुटून गालात टोचतेय. दाताचे डॉक्टर लोणावळ्यात, नाहीतर तळेगावात, नाहीतर थेट पुण्यात. आता या घरानं करायचं काय?

या प्रश्नाचं उत्तर इतिहासात दडलेलं आहे. ते कसं, ते पाहू.

आपल्याकडे दातांची काळजी जुनी आहे. चरकसंहितेत दातवणासाठी करंज, रुई, अर्जुन अशा झाडांच्या काड्या सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेत दातांवरचं कीटण खरवडायला दंतशंकू नावाचं हत्यार आहे. मावळच्या घराघरांत बाभळीची नाहीतर कडुलिंबाची काडी होती, चुलीतली राख होती, आणि बायकांच्या हाती मिश्री होती. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिनं हिरड्यांचं आणि तोंडाचं केवढं नुकसान केलं, ते आज आपल्याला माहीत आहे. पण ही सगळी काळजी दात स्वच्छ ठेवण्याची, दुखणं थांबवण्याची होती. वाकडा दात सरळ करायचा असतो, हा विचारच घरात नव्हता. दात पुढे असले तर ‘आजीवर गेलीय’ म्हणायचं, आणि विषय संपला.

दात सरकवण्याचा विचार पद्धतशीरपणे मांडला तो फ्रान्सच्या पिएर फोशारनं, 1728 साली. धातूची एक कमानदार पट्टी, तिला दात दोऱ्यानं बांधायचे. पुढे अमेरिकेत एडवर्ड अँगलनं 1899 मध्ये वाकड्या दातांचं वर्गीकरण केलं, आणि 1928 मध्ये आजच्या ब्रॅकेटचा पूर्वज ठरलेली रचना दिली. त्या काळी तार बहुधा सोन्याच्या मिश्रधातूची असे, आणि प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं बसवावं लागे. कडं सहसा निघत नसे, पण खर्च आणि त्रास भरपूर. मग स्टेनलेस स्टील आलं, आणि तार स्वस्त झाली.

आता खरी गंमत. 1955 साली मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याच्या ध्यानात आलं की, रंग नीट धरावा म्हणून कारखान्यात धातूला फॉस्फोरिक आम्ल लावतात. तेच त्यानं दाताच्या कवचावर लावून पाहिलं. कवच खरखरीत झालं आणि त्यावर चिकटद्रव्य धरू लागलं. यातूनच पुढे ब्रॅकेट थेट दातावर चिकटवायची पद्धत आली. कडं गेलं, तोंड मोकळं झालं. पण जे चिकटवलंय ते निघूही शकतं! आज ‘ब्रॅकेट निघालं’ ही जी तक्रार आपण ऐकतो, ती या सोयीची सावली आहे. तसंच निकेल-टायटॅनियमच्या तारेचं. 1970 च्या दशकात ती दंतवैद्यांकडे आली. वाकवली तरी मूळ आकारात परत येते, दाताला हलका पण सतत दाब देते. दात जसे ओळीत येतात तशी ती मागच्या बाजूनं थोडी सरकते, आणि टोक गालाला लागतं. म्हणजे तार टोचणं हे बहुतेक वेळा उपचार बिघडल्याचं लक्षण नसतं. कित्येकदा दात हलल्याचीच ती खूण असते.

आपल्याकडे 1948 साली दंतवैद्यक कायदा झाला, 1965 साली दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. तरी ही विद्या खूप वर्षं मोठ्या शहरांतच राहिली. मावळात ती पोचली ती आपल्याच पिढीत. म्हणून टोचणारी तार काय करायची, याचं ज्ञान आजीच्या बटव्यात नाही. ते आपणच भरायचं आहे.

तर भरू या. तार टोचली, तर आधी कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चूळ भरायची. मग आरशासमोर उजेडात उभं राहून स्वच्छ कापसाच्या काडीनं, नाहीतर पेन्सिलीच्या मागच्या नव्या, धुतलेल्या रबरानं तारेचं टोक हळूच दाताकडे दाबायचं. नाही दबलं, तर ती जागा कोरडी करून डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची वाटाण्याएवढी गोळी त्यावर बसवायची. जेवताना आणि दात घासताना मेण काढायचं. चुकून गिळलं तरी घाबरायचं कारण नाही. डॉक्टरांना फोन केल्याशिवाय तार कापू नये, तुटलेला तुकडा घशात जाण्याची भीती असते.

ब्रॅकेट निघालं पण तारेवरच लोंबकळतंय, तर ओढायचं नाही, मेणानं धरून ठेवायचं. हातात आलं, तर डबीत जपून घेऊन जायचं. घरातला झटपट चिकटणारा गोंद मात्र कधीही नाही! तार आवळल्यावर दोन-चार दिवस दात दुखतात, ते ठरलेलंच. त्या दिवसांत आपला इंद्रायणीचा मऊ भात, वरण, दूध-भाकरीचा काला. तोंड आलं, तर मिठाची चूळ आणि मेण. लवंगेचं तेल त्या जखमेवर लावू नये, भाजतं.

आणि हो, चिक्की. खंडाळ्याच्या घाटात रेल्वे बांधणाऱ्या मजुरांसाठी गूळ-शेंगदाण्याची गुडदाणी विकली जायची, तिचीच पुढे चिक्की झाली, असं लोणावळ्यात सांगतात. घाटातून गाडी 1863 मध्ये धावू लागली. ज्या चिक्कीनं लोणावळ्याचं नाव केलं, तीच ब्रॅकेटची पहिली वैरीण. दोन वर्षं तिला रामराम.

मात्र घरची हद्द कुठे संपते, हेही पक्कं ठाऊक हवं. चेहरा सुजला, ताप आला, रक्त थांबेना, तोंडावर मार बसून दात हलला, किंवा तुकडा गिळून खोकला, धाप लागली, तर पाऊस असो, रात्र असो, निघायचं. बाकी किरकोळ गोष्टींसाठीही सकाळी फोन करायचाच. कारण मेणानं टोचणं थांबतं, पण निघालेलं ब्रॅकेट आपोआप बसत नाही.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मुलं तुटलेलं ब्रॅकेट लपवतात. बोलणी बसतील, खर्च वाढेल, ही भीती. महिना-दोन महिने तसेच जातात, सरळ आलेला दात पुन्हा फिरतो, आणि आईबापांनी पै-पै जोडून केलेला उपचार मागे पडतो. तेव्हा ‘चिक्की खाल्लीस ना?’ हा प्रश्न उद्यावर टाकू या. आज एवढंच म्हणू, ‘दाखव बघू, कुठे टोचतंय?’