देवीच्या जीर्ण धातुप्रतिमा : श्रीगोंदा परिसर आणि प्राचीन मिसर

प्राचीन मिसर देशातील देवीच्या कांस्यमूर्ती जगभरच्या संग्रहालयांत विपुल आढळतात. उलट, दख्खनमध्ये देवीच्या धातुप्रतिमा घरोघर पूजेत असूनही त्यांपैकी फार जुनी प्रतिमा क्वचितच हाती लागते. या भेदाचे कारण भक्तीच्या न्यूनाधिक्यात नसून जीर्ण प्रतिमेची व्यवस्था लावण्याच्या रीतीत आहे.

मिसरमध्ये इ. स. पू. ६६४ ते ३३२ या उत्तरकाळात बास्तेत, इसिस आदी देवींच्या लहान कांस्यमूर्ती मोठ्या प्रमाणावर घडविल्या गेल्या. मेणाच्या प्रतिमेवर मातीचा लेप देऊन, तापवून मेण काढून टाकावे व त्या पोकळीत धातुरस ओतावा, ही मधूच्छिष्ट पद्धती तेथेही रूढ होती. बैठकीवर कधी दात्याचे नाव व आयुष्याची याचना कोरलेली असे. अशा मूर्ती मंदिरात अर्पण होत आणि त्यांची दाटी झाली, की पवित्र आवारातच पुरल्या जात. कर्नाक येथे लग्रँ यांना १९०३ पासून उत्खनन करताना अशा एकाच निक्षेपात सुमारे १७,००० कांस्यवस्तू मिळाल्या. त्यांत ओसिरिसच्या मूर्ती बहुसंख्य होत्या.

श्रीगोंद्यासह भीमा-घोडेच्या खोऱ्यात कुलदैवताची पूजा टाकांच्या रूपाने होते. चांदीच्या, तांब्याच्या वा पितळेच्या पातळ पत्र्यावर तुळजाभवानी, खंडोबा-म्हाळसा यांची आकृती उठविलेली असते. नित्य स्नानाने व घासण्याने ती झिजते. मग सोनाराकडून टाक उजळून घेतात. पुष्कळदा जुना धातू आटवून नव्या टाकात घालतात, नाहीतर जीर्ण टाक नदीत सोडतात. पूजा अखंड चालते, परंतु वस्तूचे वय पुसले जाते.

म्हणून जुन्या टाकांच्या अभावावरून देवीपूजेचे अर्वाचीनत्व सिद्ध होत नाही. घोडेच्याच काठी, शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे ताम्रपाषाणयुगीन घराच्या जमिनीखाली मातीच्या पेटीत एक स्त्रीमूर्ती, तसेच एक शिरोहीन स्त्रीमूर्ती व बैल सापडले. कच्च्या मातीच्या या प्रतिमा तीन सहस्र वर्षांहून अधिक काळ टिकल्या, त्या पुरल्या गेल्यामुळेच.

टाक आटविण्याची प्रथा धर्माचाराचा भाग असल्याने ती थांबविणे हे इतिहासाचे काम नव्हे. मात्र टाक उजळण्यास देण्यापूर्वी त्याचे छायाचित्र, वजन, देवतेची लक्षणे व घराण्याचे मूळ गाव यांची नोंद झाल्यास पूजेस बाध न येता पुरावा राखता येईल.