पालघर आणि राईनपाडा

सोशल मीडियावर कुणी काय लिहावं याचा वाद निघाला की मला आपल्याच राज्यातली दोन गावं आठवतात.

पहिलं पालघर. नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद होती. हा बंद कशासाठी, असं तिथल्या एका तरुणीने फेसबुकवर लिहिलं. मैत्रिणीने ते नुसतं लाईक केलं. दोघींना अटक! जमावाने तिच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोडही केली. म्हणजे बघा, जिला संरक्षण द्यायचं तिलाच पोलिसांनी धरलं.

त्यांच्यावर लावलेल्या कलमांत आयटी कायद्यातलं ६६अ होतं. त्रासदायक, आक्षेपार्ह मजकुराला ३ वर्षांपर्यंत कैद. आता कुणाला कशाचा त्रास होईल, सांगता येतं का? या अटकेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सुप्रीम कोर्टात गेली, आणि २४ मार्च २०१५ ला कोर्टाने ते कलमच रद्द केलं. चर्चा करणं वेगळं, एखाद्या मताचा प्रचार वेगळा आणि चिथावणी वेगळी. बंधन येतं ते चिथावणीपाशी, असं कोर्टाने सांगितलं. कुणीही तक्रार केली म्हणून कंपनीने मजकूर काढलाच पाहिजे असं नाही. कोर्टाचा किंवा सरकारचा आदेश हवा, हेही त्याच निकालात आलं.

प्रश्न सुटला असं वाटलं होतं. मग आलं राईनपाडा.

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यातल्या या गावात सोलापूरकडून आलेल्या, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या भटक्या समाजातल्या ५ जणांना जमावाने ठेचून मारलं. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा व्हॉट्सॲपवर फिरत होती. कोर्टाची रेघ इथे कशी लावायची? मेसेज पुढे ढकलणाऱ्या अनेकांच्या मनात चिथावणी नव्हती, आपल्या लेकरांची काळजी होती. सुरक्षिततेच्याच नावाने माणसं मेली.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी ५ च ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, २०१९ मध्ये जगभर. मला हा उपाय पटतो. त्यात मजकूर कुणी वाचत नाही, कुणाचं मत तपासत नाही. फक्त वेग कमी होतो.

पण हा आकडा ठरवला एका खाजगी कंपनीने. ६६अ विरुद्ध एका तरुणीला कोर्टात जाता आलं. उद्या हाच आकडा आपल्याला जाचक वाटला, तर आपण कुणाकडे जायचं?

तुम्हाला काय वाटतं, जरूर लिहा.