चकाकीचें मोल

मोटारीच्या आरंभकाळीं घोडागाडीप्रमाणेंच तिलाही वार्निशाचे हात एकावर एक दिले जात. ते वाळण्यास आठवडे लागत. १९२३ सालीं अमेरिकेंत ओकलंड मोटारीवर ‘ड्यूको’ लॅकर आलें आणि हें काम फार थोड्या वेळांत होऊं लागलें; मात्र त्याला चकाकी येई ती घासूनच. पुढें १९८० च्या दशकांत रंगावर पारदर्शक थर देण्याची रीत रुळली. धुळीच्या फडक्यानें त्यावर बारीक ओरखडे उठतात व उन्हांत कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. विजेचें पॉलिश-यंत्र ते ओरखडे भरीत नाहीं. भोंवतालचा थर झिजवून सपाटी आणतें. हा थर सुमारें ५० मायक्रॉनांचा, म्हणजे केंसाएवढाही जाड नाहीं. प्रत्येक चकाकीचें मोल त्यांतूनच वजा होतें. म्हणून यंत्रापूर्वीं स्वच्छ फडकें बरें.